मुंबई–न्यूयॉर्क: अंतर तेच, मग जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा का?

चांदणचुरा

नोव्हेंबरच्या मध्यावर आई-बाबांना मुंबईहून न्यूजर्सीला यायचं आहे. तिकिटं चाळतोय, पण आकड्यांचा मेळ लागत नाहीये.

१) अंतर सगळीकडे साडेबारा हजार किमी दाखवतात. थेट विमानाला जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा-पंधरा. रस्ता तोच ना?

२) दुबई, दोहा वगैरे करून गेलं तर वीस-बावीस तास. वाट वाकडी झाली म्हणून एवढा फरक पडतो का?

३) रात्री दीडला निघून सकाळी सातला पोचतं असं तिकिटावर आहे. हे कसं मोजायचं?

४) सत्तरीच्या माणसांना थेट बरं की मध्ये थांबून?

जाणकारांनी लिहावं.

पेंगूळ

साडेपाच तासांत अमेरिका! पुण्याहून सावंतवाडीला याहून जास्त वेळ लागतो.

परतीला मात्र सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई, म्हणजे घड्याळात पंचवीस तास. देव सगळं वसूल करतो.

मोजपट्टी

आधी अंतर. साडेबारा हजार हा पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत छोटा रस्ता आहे. शास्त्रीय कॅल्क्युलेटर असेल तर पाच मिनिटांत स्वतः काढता येतो.

मुंबई विमानतळ: १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ: ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज करायची: १४६.६५ अंश.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार: ०.३२७ × ०.६५१ = ०.२१३.
दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, गुणिले १४६.६५ चा कोसाइन: ०.९४५ × ०.७५९ × (−०.८३५) = −०.५९९.
बेरीज −०.३८६. याचा उलटा कोसाइन ११२.७ अंश. एका अंशाला १११.२ किमी. उत्तर साधारण १२,५३० किमी.

पृथ्वी पूर्ण गोल धरल्यामुळे दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे होतात, ते सोडून द्या. चूक नेहमी एकाच ठिकाणी होते: पश्चिम रेखांशाचं ऋण चिन्ह विसरतात. मग रेखांशातला फरक १४६ ऐवजी एक अंशाच्याही आत येतो आणि न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसतं.

सह्यवारा

नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई, अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को, अटलांटिक, न्यूयॉर्क अशी सरळ रेघ येते. विमानातल्या स्क्रीनवर मात्र ते आइसलंडपर्यंत चढून परत खाली येतं. सरळ जायचं सोडून एवढा वळसा का घालतात? समुद्रावरून जायचं टाळतात म्हणून?

मोजपट्टी

@सह्यवारा, वळसा तुमच्या पट्टीचा आहे. सपाट नकाशात ध्रुवाकडचा भाग ताणून रुंद केलेला असतो. पट्टीच्या रेघेवरून, म्हणजे होकायंत्रावर एकच दिशा धरून गेलात, तर १४,२०० किमी पडतील. साडेसोळाशे किमी जास्त.

पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई–न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा कंदाहारच्या बाजूने तुर्कमेनिस्तान, जवळजवळ मॉस्कोवरून, हेलसिंकीच्या थोडं उत्तरेला, नॉर्वेत ट्रॉन्डहाइम, आइसलंडमध्ये रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर असा जातो. सर्वांत उत्तरेचा बिंदू ६४.७ अंशांवर, फॅरो बेटं आणि आइसलंड यांच्यामध्ये. निघतानाची दिशा ३३३ अंश, म्हणजे मुंबईहून पश्चिमेला नव्हे तर उत्तर-वायव्येला निघायचं.

सह्यवारा

दोरा ताणला. मुलाच्या पृथ्वीगोलावर. मॉस्को खरंच लागलं. पट्टी परत कंपासपेटीत.

गुळपोळी

जाण्या-येण्यातला फरक सोपा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क पुढे पळत असतं, येताना मुंबई समोरून येत असते.

वारामापी

@गुळपोळी, तुमच्याच हिशेबाने बघा. पूर्वेकडे फिरणाऱ्या पृथ्वीवर न्यूयॉर्क पश्चिमेकडून तुमच्याकडे यायला हवं आणि मुंबई पुढे पळायला हवी. म्हणजे जाताना वेळ कमी लागायला हवा. होतं उलट.

विमान हवेत उडतं आणि हवा पृथ्वीबरोबरच फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याचा थेट हिशेब शून्य. फरक पडतो तो हवा पृथ्वीपेक्षा वेगाने पूर्वेकडे वाहते तिथे. उष्ण कटिबंधातली गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्या सीमेवर, ९ ते १२ किमी उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो. त्याला पूर्वेकडे वळवण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढा तुमचा मुद्दा खरा. हिवाळ्यात तापमानातला फरक वाढतो म्हणून तो जोरात असतो; गाभ्यात ताशी २०० किमीच्या वर सहज जातो. उन्हाळ्यात मंदावतो आणि उत्तरेला सरकतो.

आता आकडे. प्रत्यक्ष उडण्याचा मार्ग सर्वांत छोट्या रस्त्यापेक्षा तीन ते पाच टक्के लांब पडतो. १३,१०० किमी धरा. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा.

वारा नसेल तर १४ तास ३३ मिनिटं.
सरासरी ताशी ५० किमी समोरून: १५ तास २५ मिनिटं.
सरासरी ताशी ५० किमी मागून: १३ तास ४७ मिनिटं.

सरासरी ५० म्हणजे फार नाही. मार्गाच्या काही भागात १५० असतो, काही भागात आडवा, काही भागात नसल्यासारखा. यात दोन्ही टोकांची जमिनीवरची वाटचाल आणि चढ-उतार यांची अर्धा-पाऊण तासाची भर घातली की तुमच्या तिकिटावरचे सोळा आणि साडेचौदा येतात.

मोजपट्टी

यात एक गंमत: जाताना ५२ मिनिटांचा तोटा झाला आणि येताना फायदा फक्त ४६ मिनिटांचा. वारा दोन्ही वेळा तेवढाच असला तरी समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, मागच्या वाऱ्याची मदत कमी वेळ मिळते. फेरीला वारा नेहमी थोडा महागच पडतो.

गुळपोळी

मागे घेतो. पण मग वैमानिक जेट स्ट्रीम टाळत का नाहीत?

वारामापी

टाळतात. पश्चिमेला जाताना त्याच्या उत्तरेने किंवा दक्षिणेने मार्ग आखतात, येताना त्याच्या पोटात शिरतात. उड्डाणाआधी चार-सहा तास डिस्पॅचमध्ये (कंपनीच्या उड्डाण आखणाऱ्या विभागात) संगणक वेगवेगळे मार्ग चालवून बघतो: वारा, बंद आकाश, प्रत्येक देशाचं आकाश वापरण्याचं भाडं, इंधन. ज्याचा एकूण खर्च कमी तो मार्ग. म्हणून लागोपाठ दोन दिवसांचे मार्ग नकाशावर पाचशे किमी लांब दिसू शकतात.

अटलांटिकवर अजून एक भानगड आहे. तिथे रोज वाऱ्याप्रमाणे समांतर पट्टे आखले जातात. रात्री पूर्वेकडे जाणारी गर्दी, दिवसा पश्चिमेकडे जाणारी. मुंबईहून रात्री दीडला निघालेलं विमान अटलांटिकच्या मध्यावर जागतिक वेळेनुसार सकाळी सातच्या सुमाराला पोचतं. त्या वेळी पट्टे पूर्वेकडच्या गर्दीचे असतात, आपण उलट दिशेचे. मग बरेचदा त्यांच्या उत्तरेने जावं लागतं.

उत्तरायण

मोजपट्टींचा दोरा भूमिती म्हणून बरोबर आहे, पण त्या दोऱ्यावरचे देश बघा: पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. आजच्या वेळेचं खरं कारण तिथे आहे.

रशियाचं आकाश फेब्रुवारी-मार्च २०२२ पासून युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना बंद. भारतीय कंपन्यांना नाही. अमेरिकी कंपन्यांना वळसा घालून मुंबई परवडेना. युनायटेडने त्याच वेळी नेवार्क (न्यूयॉर्कजवळचा, न्यूजर्सीतला विमानतळ) ते मुंबई बंद केलं.

अफगाणिस्तानात ऑगस्ट २०२१ नंतर हवाई नियंत्रण कोसळलं. तिथून गेलंच तर वैमानिकांनी एका ठरलेल्या वारंवारितेवर स्वतःच आपली जागा सांगत जायचं. काही कंपन्या जातात, काही नाही.

आणि पाकिस्तान. २०१९ मध्ये फेब्रुवारी ते जुलै बंद होतं. २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. मग मुंबईहून अरबी समुद्र, मस्कत, आखात, तुर्कस्तान, युरोप असा रस्ता उरतो. मुंबई–मस्कत–इस्तंबूल–न्यूयॉर्क अशी जोडणी मोजली तर साधारण १३,००० किमी. म्हणजे साडेचारशे-पाचशे किमी जास्त, पस्तीस-चाळीस मिनिटं.

दिल्लीला याचा फटका खूप मोठा. तिथून आधी खाली गुजरातपर्यंत यायचं, मग पश्चिमेला वळायचं. तास-दीड तास सहज.

पेंगूळ

एका बाबतीत तरी मुंबई दिल्लीपेक्षा अमेरिकेच्या जवळ आली.

मोजपट्टी

आली नाही हो. दोऱ्याने दिल्ली–जेएफके पावणेबारा हजार किमी. भूमितीत दिल्लीच जवळ. आकाश बंद झाल्यावर ती सातशे-आठशे किमीची आघाडी संपते, इतकंच.

चांदणचुरा

पाऊण तास जास्त लागतो हे समजलं. पण बातम्यांत 'इंधनासाठी व्हिएन्नाला उतरलं' असं वाचलं होतं. पाऊण-एक तासाने टाकी अपुरी पडते?

वारामापी

टाकी नाही, वजन. लोकांना वाटतं की टाकी फुल केली की झालं.

बोईंग ७७७-३००ईआर चं उदाहरण घ्या. टाकीत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर मावतं, म्हणजे अंदाजे १४५ टन. धावपट्टी सोडताना एकूण वजनाची कमाल मर्यादा ३५१.५ टन. रिकामं विमान खुर्च्या, कर्मचारी, खानपानासकट १७० टनांच्या घरात. राहिले १८० टन. यात इंधनही आलं आणि माणसं, बॅगा, मालही.

असं मोठं विमान लांबच्या प्रवासात तासाला सरासरी साडेसात टन जाळतं. सोळा तासांचे १२० टन. वर राखीव: दुसऱ्या विमानतळापर्यंतचं, अर्धा तास घिरट्या घालण्याचं, आणि अनपेक्षित वाऱ्याचं. मिळून १३० च्या आसपास. माणसं-मालासाठी उरले पन्नास टन. साडेतीनशे प्रवासी बॅगांसकट ३५ टन. अजून ठीक आहे.

आता दीड तास वाढवा. वरवर बघता अकरा टन. पण अकरा टन जास्त इंधन शेवटी हवं असेल तर ते सोळा तास वाहून न्यायचं आहे, आणि वाहून नेण्यातही इंधन जळतं. अंगठ्याचा नियम: जादा वजनाच्या तीन-चार टक्के दर तासाला. म्हणजे शेवटी अकरा टन हवे तर निघताना सतरा-अठरा टन भरा. ते बसवायला आधी माल उतरतो, मग काही खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. त्यापेक्षा अर्ध्या वाटेवर उतरून भरणं स्वस्त. २०२५ मध्ये उत्तर अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना आणि कोपनहेगनचे थांबे दिले ते यासाठी. अशा थांब्यात तास-दीड तास जमिनीवर, अधिक उतरण्या-चढण्याचा वेळ. एकूण दोन तास धरा. प्रवाशांना सहसा खाली उतरवत नाहीत.

मुंबईच्या उन्हाळ्यात याची अजून एक बाजू दिसते. गरम हवा विरळ असते, पंखांना उचल कमी, इंजिनांना जोर कमी. मुख्य धावपट्टी साडेतीन किमीच्या थोडी आत. भर दुपारी ३५ अंशांत पूर्ण वजन उचलण्यापेक्षा रात्री दीड-दोनला सोपं जातं. अमेरिकेत सकाळी पोचून पुढची विमानं मिळावीत हे रात्रीच्या वेळेचं मोठं कारण, पण थंड हवा हा फायदाही आहेच.

बे_एरियाकर

अंतर आणि वेळ यांची फारकत बघायची असेल तर सॅन फ्रान्सिस्को बघा. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को आधी युरोप-अटलांटिकवरून जायचं: १३,९०० किमी, साडेसोळा तास. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच बदलली. पूर्वेकडे, पॅसिफिकवरून, १५,३०० किमी, आणि वेळ साडेचौदा तास. चौदाशे किमी जास्त उडून दोन तास आधी. संपूर्ण पॅसिफिकभर वारा पाठीशी.

गुळपोळी

म्हणजे पश्चिमेला असलेल्या शहरात पूर्वेकडून जायचं. मघाशी मीही जरा असंच काहीतरी म्हणत होतो. :)

मोजपट्टी

@बे_एरियाकर, मुंबई–सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा तर ना पूर्व ना पश्चिम. निघतानाची दिशा १४ अंश, म्हणजे जवळजवळ उत्तर. साडेतेरा हजार किमी, आणि ७६ अंश उत्तरेच्याही वर, सैबेरियापलीकडच्या आर्क्टिक समुद्रावरून. प्रत्यक्षात तसं कोणी जात नाही, मध्ये तिबेट-हिमालय आहे. केबिनचा दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांवर उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच पंधरा हजार फुटांवर.

उत्तरायण

ध्रुवाजवळून जाण्यात अजून दोन अटी असतात. एक, इंधन गोठण्याची. भारतात मिळणारं जेट ए-१ उणे ४७ ला गोठतं, अमेरिकेत भरलेलं जेट ए उणे ४० लाच. म्हणून परतीच्या उड्डाणात जास्त लक्ष ठेवावं लागतं. इंधनाचं तापमान त्या मर्यादेच्या तीन अंश जवळ आलं की खाली उतरा, किंवा वेग वाढवा, किंवा उबदार हवेकडे वळा.

दोन, उतरायला जागा. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेवर कुठूनही ठरलेल्या वेळात पोचता येईल असा विमानतळ हवा. कागदावर तो असतो, पण तिथे साडेतीनशे माणसांची सोय असेलच असं नाही. ६ जून २०२३ ला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियात मगदानला उतरलं. उतरणं सुखरूप झालं, पण प्रवाशांना न्यायला दुसरं विमान मुंबईहून पाठवावं लागलं.

दोन_बॅगा

धागा ध्रुवावर पोचला, आता तिकिटाकडे येऊ. @चांदणचुरा, तुमचा दुसरा प्रश्न. मध्ये थांबून गेल्याने अंतर किती वाढतं ते बघा:

मुंबई–लंडन ७,२०० + लंडन–न्यूयॉर्क ५,५५० = १२,७५०
मुंबई–फ्रँकफर्ट ६,५७० + ६,२०० = १२,७७०
मुंबई–दुबई १,९३० + ११,०२० = १२,९५०
मुंबई–दोहा २,३०० + १०,७७० = १३,०७०

सगळे थेट अंतराच्या दोन ते चार टक्क्यांत. वाट वाकडी नाहीच. जास्तीचे पाच-सहा तास तिथल्या लाउंजमध्ये आणि रांगेत जातात. म्हणून शोधताना किलोमीटर नाही, थांब्याची मिनिटं बघा.

तरुण माणूस दुबई-दोह्याला दीड तासात विमान बदलतो. व्हीलचेअर असेल तर अडीच तासांपेक्षा कमी घेऊ नका. व्हीलचेअरचे प्रवासी सगळ्यांत शेवटी उतरतात आणि पुढच्या विमानाला आधी हजर करावे लागतात. चार तासांपेक्षा जास्तही नको, नाहीतर मध्यरात्री खुर्चीत बसून राहणं होतं.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर हवेत. वेगवेगळी तिकिटं घेऊन आठ हजार वाचतात आणि पहिलं विमान उशिरा आलं की दुसरं तिकीट पूर्ण बुडतं. मुंबईला काउंटरवर बॅगांचे टॅग शेवटच्या शहरापर्यंतचे आहेत का ते वाचून घ्या.

टोपणनाव_नाही

अबू धाबीचा पर्याय राहिला. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स विमानात चढायच्या आधीच होतं. न्यूयॉर्कला देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर. जेएफकेला दोन तास उभं राहण्यापेक्षा बरं. फक्त अबू धाबीत त्यासाठी वेगळी सुरक्षा तपासणी असते, म्हणून थांबा तीन तासांचा धरा.

दोन_बॅगा

+१. विसरलोच होतो.

आणि ज्यांना न्यूयॉर्कहून पुढे दुसऱ्या शहरात जायचंय त्यांनी लक्षात ठेवा: टॅग शेवटपर्यंतचा असला तरी अमेरिकेत पहिल्या विमानतळावर सहसा बॅगा उचलून, कस्टम्स पार करून, पुन्हा पट्ट्यावर द्याव्या लागतात.

कोथरूडकर

पुण्याहून येणाऱ्यांनी मुंबई विमानतळापर्यंतचा प्रवास या सोळा तासांत धरायचा की नाही? अंतर दीडशे किमी, वेळ साडेतीन ते सहा तास. वारा कुठल्याही दिशेने असो.

पेंगूळ

त्यात खालापूरचा टेक्निकल हॉल्ट पकडला नाहीत. वडापाव भरून घ्यावा लागतो.

दोन_बॅगा

हसण्यावारी नेऊ नका, पावसाळ्यात घाटात दरड आली की विमान जातं. रात्री दीडचं विमान असेल तर पुण्याहून संध्याकाळी पाचच्या आत निघा, रात्री साडेदहापर्यंत टी-२ वर पोचा. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो आणि अमेरिकेच्या विमानांना दाराशी पुन्हा तपासणी असते.

आता नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मुंबई एअरपोर्ट' सांगू नका. तिकिटावर बीओएम असेल तर सहार, एनएमआय असेल तर नवी मुंबई. नागपूर-औरंगाबादहून जोडविमान घेणाऱ्यांनी दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत ना हे आधी बघावं.

एडिसनची_चकली

धाग्यात सगळे जेएफके-जेएफके करतायत. घर न्यूजर्सीत असेल तर नेवार्क बघा. मुंबईपासून अंतरात नगण्य फरक. न्यूजर्सीतल्या एडिसनहून नेवार्क जेएफकेच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर, आणि मॅनहॅटन किंवा स्टेटन आयलंडचे पूल मध्ये येत नाहीत. सकाळी सात-आठला जेएफकेहून एडिसनला यायला दोन तास सहज. विमानात वाचवलेला अर्धा तास तिथेच जातो.

चांदणचुरा

नेवार्कचं बघतो. वेळेचा हिशेब मात्र अजून राहिलाय. आणि थेट की तोडून, यावर कोणीच स्पष्ट बोललं नाही.

मोजपट्टी

वेळ: तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात उन्हाळी वेळेत साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी उन्हाळी वेळ सुरू होते, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते.

जाताना: निघण्याची वेळ + प्रवास − १०:३०. रात्री १:३० + १६ तास = संध्याकाळी ५:३०, वजा साडेदहा = सकाळी ७:००, त्याच तारखेला.
येताना: निघण्याची वेळ + प्रवास + १०:३०. सकाळी ११:३० + १४:३० = रात्री २:००, अधिक साडेदहा = दुपारी १२:३०, दुसऱ्या तारखेला.

रात्री दीडची तारीख नीट बघा. १५ तारखेचं रात्री दीडचं विमान म्हणजे १४ ला रात्री घरून निघायचं. यात दर वर्षी कोणीतरी चोवीस तास उशिरा विमानतळावर जातं.

वारामापी

आणि तिकिटावरचा कालावधी म्हणजे दारातून मागे सरकल्यापासून दुसऱ्या दाराला लागेपर्यंतचा. उडण्याचा नव्हे. मुंबईत धावपट्टीपर्यंत वीस-तीस मिनिटं, जेएफकेला परतीच्या वेळी पाऊण तासही लागतो. कंपन्या यात थोडी फट ठेवतात, म्हणून अर्धा तास उशिरा निघालेलं विमान वेळेवर पोचतं आणि कप्तान पाठ थोपटून घेतो. कुठल्याही विमानाची गेल्या दोन-तीन आठवड्यांची प्रत्यक्ष वेळ फ्लाइट ट्रॅकिंगच्या साइटवर दिसते. तिकीट काढताना छापील वेळेपेक्षा ती बघा. तुमची मंडळी हिवाळ्यात जाणार, वारा वाढलेला असेल. जाताना पाऊण तास जास्त धरून चाला.

माईआजी

थेट घ्या. वयस्कर माणसाला दोनदा चढणं-उतरणं, दोनदा तपासणी, परक्या विमानतळावर दार बदललं तर धावपळ, हे सोळा तास बसण्यापेक्षा जड जातं. वाटेची खुर्ची मागा, म्हणजे उठायला शेजाऱ्याला सांगावं लागत नाही.

टोपणनाव_नाही

@माईआजी, सरसकट नको. पायाला सूज येणारे, गुडघे आखडणारे, पूर्वी पायात रक्ताची गुठळी झालेले यांना सोळा तास एका जागी वाईट. दुबईत तीन तास पाय मोकळे होतात. डॉक्टरांना विचारून ठरवावं. थेटच जायचं तर दर दीड-दोन तासांनी उठून फेरी, पाणी, आणि डॉक्टरांनी सांगितले तर दाबाचे मोजे.

माईआजी

हे पटलं. पण तीन तास पाय मोकळे होतात हे ज्यांना चालता येतं त्यांचं. व्हीलचेअरवाल्यांचे पाय तिथेही खुर्चीतच असतात.

औषधांचं कोणी लिहिलं नाही. पश्चिमेला जाताना दिवस साडेदहा तासांनी लांबतो. रक्तदाबाच्या गोळीला विशेष फरक पडत नाही, पण इन्सुलिनचं वेळापत्रक निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून लिहून घ्या, भारतीय वेळेत आणि न्यूयॉर्कच्या वेळेत दोन्ही. औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसह. इन्सुलिन चेक-इन बॅगेत कधीही नको, सामानाच्या भागात गोठू शकतं.

दोन_बॅगा

व्हीलचेअर मागताना नुसतं 'हवी' म्हणू नका. तीन प्रकार असतात: फक्त लांब अंतरासाठी, जिने चढता येत नाहीत, आणि खुर्चीपर्यंत उचलून न्यावं लागतं. योग्य तो बुकिंगवर टाकून घ्या, किमान ४८ तास आधी. जेवणाचंही तेव्हाच.

जुनं_पुराणं

अवांतर: १९६० साली एअर इंडियाने बोईंग ७०७ ने मुंबईहून लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू केलं तेव्हा थांबे घेतल्याशिवाय पर्यायच नव्हता. एका दमात न्यूयॉर्क गाठणारं ७७७-२००एलआर यायला २००७ उजाडलं.

चांदणचुरा

सगळ्यांचे आभार. दोघांनाही चालता येतं, बाबांचे गुडघे आखडतात. थेट नेवार्कचंच घेतोय, वाटेच्या दोन खुर्च्या समोरासमोर. सात वाजता उतरले तर घ्यायला किती वाजता जाऊ?

एडिसनची_चकली

साडेसातला घरून निघ. उतरल्यावर दाराला लागायला पंधरा मिनिटं, व्हीलचेअर मागितली असशील तर अजून वीस, मग इमिग्रेशन आणि बॅगा. साडेआठच्या आधी कोणी बाहेर येत नाही. विमानतळाच्या सेलफोन लॉटमध्ये गाडी लाव, ते फुकट आहे, आणि त्यांनी फोन केल्यावर दाराशी ये. त्यांचा भारतातला नंबर उतरल्या-उतरल्या चालेल असं रोमिंग मुंबईतच सुरू करून ठेव, नाहीतर फोन येणारच नाही.

कोथरूडकर

आणि लोणच्याच्या बरण्या चेक-इनमध्येच. सुरक्षा तपासणीत लोणचंही द्रवात मोडतं, हातातल्या बॅगेत सापडलं तर १०० मिलिच्या नियमात अडकतं.